ध्येय ठामपणे सांगायचे, म्हणजे नेमके काय सांगायचे?

चोपडा तालुक्यातील एका पंचविशीतल्या ताईंनी चार पानी पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर त्या दोन वर्षे पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करीत होत्या. मागच्या दिवाळीला त्या गावी परतल्या आणि आता गावातच केळीच्या वेफर्सचा उद्योग उभा करावा, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. "माझे ध्येय मला पक्के ठाऊक आहे," असे त्या लिहितात, "पण आबांनी, मामांनी किंवा बँकेतल्या साहेबांनी विचारले की माझा आवाज बसतो आणि 'बघू, काहीतरी करायचे आहे' एवढेच तोंडातून निघते. काही माणसे आपले ध्येय इतक्या ठामपणे सांगतात, ते त्यांना कसे जमते? हा आत्मविश्वास आधी आणायचा तरी कुठून?"

ताई, गेली बावीस वर्षे मी जळगावात मुलाखतींची तयारी करून घेतो. त्यात नोकरीच्या मुलाखतीला जाणारे असतात, आयोगाच्या मुलाखतीला जाणारे असतात आणि अलीकडे बँकेपुढे आपला प्रस्ताव मांडायला निघालेले तरुणही बरेच येतात. तुमचा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत शेकडो वेळा विचारला गेला आहे, आणि त्यातला "आधी" हा शब्द जवळपास प्रत्येकाच्या बोलण्यात असतो. आत्मविश्वास आधी येईल, मग ध्येय सांगता येईल, अशी ही समजूत आहे. माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. ज्याच्या वाक्यात सांगण्यासारखे काही असते त्याचा आवाज सहसा बसत नाही. ज्याचे वाक्य पोकळ असते त्याचा आवाज बसतो, आणि तो बसतो हे एका अर्थी त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे, कारण आपण पोकळ बोलत आहोत हे त्याचे त्यालाच कळलेले असते. म्हणून मी आवाजाकडे शेवटी येईन. आधी वाक्याकडे पाहू.

आपल्या मराठीत एखादी इच्छा सांगण्याची जी सर्वांत सवयीची रीत आहे ती "मला अमुक करायचे आहे" अशी आहे. या वाक्यात करणारा माणूस "मी" म्हणून उभाच राहत नाही. जसे "मला भूक लागली", "मला थंडी वाजते", तसेच "मला उद्योग करायचा आहे", म्हणजे ध्येय हीसुद्धा आपल्यावर येणारी एक अवस्था होऊन बसते. आपल्या खानदेशच्या अहिराणी बोलीतही तीच गत आहे: "माले करनं शे." व्याकरणाच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही आणि घरगुती बोलण्यात ते शोभतेही, पण जिथे समोरचा माणूस तुमच्या शब्दांवर विसंबून स्वतः काही निर्णय घेणार आहे, तिथे हे वाक्य फार लवकर संपते. त्याच्या पुढची पायरी "मी करणार आहे", अहिराणीत "मी करसू". इथे निदान कर्ता पुढे येतो. पण खरा फरक तिसऱ्या पायरीवर पडतो: "मी करते आहे", "मी करी ऱ्हायनी." ज्या कामाचा एक लहानसा तुकडा आज चालू आहे त्याच्याबद्दलच असे बोलता येते, आणि म्हणूनच त्याच्याविषयी बोलताना माणसाची जीभ अडखळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी आपले ध्येय या तीनही काळांत लिहायला लावतो. पहिल्या दोन ओळी पाच मिनिटांत लिहून होतात. तिसरी ओळ कित्येकांना आठवडाभर लिहिता येत नाही, आणि त्यांची खरी अडचण काय आहे हे त्यांना तिथेच उमगते.

आता तुमच्याच पत्राकडे येतो, कारण त्यात एक गंमत आहे. पहिल्या पानावर तुम्ही लिहिता, "मला काहीतरी स्वतःचे करायचे आहे, केळीवर प्रक्रिया वगैरे." या एका ओळीत "काहीतरी" आहे आणि "वगैरे"ही आहे. तिसऱ्या पानावर मात्र, बोलण्याच्या ओघात, तुम्ही असे लिहून गेला आहात की गेल्या तीन महिन्यांत दर रविवारी घरच्या केळीतून चाळीस किलो कच्ची केळी काढून तुम्ही वेफर्स तळलेत. एका खेपेला साधारण दहा-साडेदहा किलो माल निघाला. साल काढलेली केळी काळी पडतात म्हणून किसणी थेट कढईवर धरून काप सोडायला तुम्ही शिकलात. आणि चोपड्यातले दोन किराणा दुकानदार आता स्वतःहून फोन करून माल मागतात. आषाढात हवा ओली झाली तसा एक अख्खा डबा सादळला आणि तो एका दुकानदाराने परत केला, हेही तुम्ही लिहिले आहे, पण अपराध कबूल करावा तशा सुरात. ताई, तुमचे ध्येय तिसऱ्या पानावर आहे. पहिल्या पानावर तुम्ही फक्त त्याची लाज झाकली आहे.

त्या पानावरचा मजकूर एकत्र करून मी एक वाक्य बांधले आहे. ते असे: "मी तीन महिन्यांपासून केळीचे वेफर्स करून चोपड्यातल्या दोन दुकानांना देते आहे, आठवड्याला दहा किलो माल जातो, पुढच्या आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) मी तो पन्नास किलोंवर नेणार आहे, आणि त्यासाठी मला काप करण्याचे यंत्र आणि पावसाळ्यात माल सादळू नये अशी पॅकिंगची सोय उभी करायची आहे." यात तीनही काळ आले आहेत, पण त्यांचा क्रम पाहा: आधी जे चालू आहे ते, मग जे होणार आहे ते, आणि "करायचे आहे" अगदी शेवटी, तेही नेमक्या दोन वस्तूंपुरते. हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा. त्यात छाती फुगवण्यासारखे काहीच नाही, तरी ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो. "काहीतरी करायचे आहे" हे ऐकल्यावर मात्र माणूस प्रश्न विचारत नाही, सल्ला द्यायला लागतो. तुमच्या मामांनी तेच केले, असे तुमच्या पत्रावरून दिसते.

आपल्या भागातल्या माणसाला ठामपणे बोलता येत नाही, असे पुण्या-मुंबईची काही मंडळी म्हणतात आणि आपल्यातलेही काही जण ते खरे मानून चालतात. मला हे मुळीच पटत नाही. आखाजीला ज्याने सालदारकीचा, म्हणजे वर्षभराच्या शेतमजुरीचा, करार होताना पाहिला आहे त्याला ते पटणारही नाही. वर्षाचे एवढे पैसे, एवढे धान्य, कपडे अमुक, उचल एवढी आणि सुट्या कोणत्या, हे सगळे शाळेचे तोंडही न पाहिलेला माणूस मालकाच्या ओट्यावर बसून एका दमात सांगतो, आणि मालकाने घासाघीस केली की काय सोडायचे आणि काय सोडायचे नाही हेही त्याच्या मनात पक्के असते. त्याला कोणी व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग लावलेला नसतो. त्याचे बोलणे ठाम असते, कारण मागच्या वर्षी आपण किती राबलो आणि घरी किती खाणारी तोंडे आहेत याचा हिशेब त्याच्या बोटांवर असतो. ध्येयाच्या बाबतीत आपण हीच रीत सोडून देतो आणि भाषणाची भाषा उसनी घेतो, ही खरी गफलत आहे.

मानसशास्त्राने या गोष्टीला नाव दिले आहे. आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये 'एखादे काम आपल्याला जमेल' या विश्वासाचा सिद्धान्त मांडला आणि हा विश्वास कुठून येतो याचे चार उगम सांगितले: स्वतः काम करून पाहण्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि शरीराची त्या वेळची अवस्था. यात सर्वांत बळकट उगम पहिला, म्हणजे स्वतः करून पाहण्याचा, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडची बहुतेक प्रेरणादायी व्याख्याने तिसऱ्या उगमावर उभी असतात, म्हणून सभागृहातून बाहेर पडताना अंगात आलेला जोर बसस्थानकापर्यंत टिकत नाही. तुमच्या रविवारच्या चाळीस किलो केळींनी तुम्हाला जे दिले आहे ते कोणत्याही व्याख्यात्याला देता आले नसते.

इथे जाता जाता दोन गोष्टी सांगतो, कारण माझ्याकडे येणारी मुले त्या हटकून विचारतात. एक म्हणजे आरशासमोर दोन मिनिटे कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून उभे राहिले की आत्मविश्वास वाढतो ही युक्ती. २०१० मध्ये ती एका शोधनिबंधामुळे गाजली. पुढे मोठ्या गटावर तोच प्रयोग केला तेव्हा शरीरातील संप्रेरकांवर होणारा परिणाम दिसला नाही, आणि २०१६ मध्ये मूळ निबंधाच्या एका लेखिकेने स्वतःच त्यावरचा आपला विश्वास जाहीरपणे काढून घेतला. दुसरी गोष्ट म्हणजे येल विद्यापीठाच्या १९५३ च्या तुकडीची कथा: ज्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी आपले ध्येय लिहून ठेवले होते त्यांनी वीस वर्षांनी उरलेल्या सर्वांपेक्षा जास्त संपत्ती कमावली. असा अभ्यास कधी झालाच नाही. ध्येय लिहून ठेवण्यात फायदा आहे, तो मीही सांगतो, पण त्यासाठी या खोट्या कथेची गरज नाही.

यापुढचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो: ध्येय कोणाला सांगायचे? "सगळ्यांना सांगून टाका, म्हणजे माघार घेता येणार नाही" हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याच्या उलट दिसले. "मी अमुक होणार" अशा, म्हणजे स्वतःच्या ओळखीशी जोडलेल्या, ध्येयाची दुसऱ्या माणसाने नुसती दखल घेतली, तर त्या माणसाचे त्यासाठीचे कष्ट कमी होतात. लोकांनी आपल्याला तसे मानले, एवढ्यानेच मनाला आपण निम्मे पोचल्यासारखे वाटते. हे समजायला आपल्याला परदेशातल्या प्रयोगशाळेपर्यंत जायलाही नको. शहादा असो, अमळनेर असो की धुळे, "मुलगा एमपीएससी करतोय" या तीन शब्दांना लग्नाच्या बोलणीत, वर्गमित्रांत आणि पानटपरीवर एक मान आहे. तो मान अभ्यास सुरू केल्याच्या दिवसापासूनच मिळू लागतो, आणि काही मुलांना तो इतका पुरतो की पूर्वपरीक्षेचा अर्ज भरणे हेच वर्षभराचे काम होऊन बसते. मी हे टोचून लिहीत नाही. मीही त्यातलाच होतो.

याच विषयाला दुसरी बाजू आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाचे हॉवर्ड क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये असे दाखवले की, ज्याच्या मताला आपण मान देतो आणि ज्याला आपण आपल्यापेक्षा वरचा समजतो अशा माणसाला ध्येय सांगितले, तर त्या ध्येयाशी असलेली बांधिलकी वाढते आणि कामही चांगले होते. बरोबरीच्या किंवा खालच्या समजलेल्या माणसाला सांगण्याचा असा उपयोग होत नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवून मी माझ्या मुलांना एवढेच सांगतो: टाळ्या वाजवणाऱ्याला सांगू नका, हिशेब विचारणाऱ्याला सांगा. तुमच्या बाबतीत असा माणूस शोधायला दूर जायला नको. आषाढात डबा परत करणारा तो दुकानदार मला या कामासाठी पहिल्या क्रमांकाचा वाटतो. त्याला तुमचे पन्नास किलोंचे वाक्य सांगा, तो तुमचे कौतुक करणार नाही, "पावसाळ्याचे काय?" एवढेच विचारेल.

आता आबांविषयी. हे सर्वांत अवघड, म्हणून इथे थोडे थांबतो. तुम्ही लिहिले आहे की आबांना तुमच्या उद्योगाला विरोध नाही, पण विषय निघाला की ते "आधी लग्नाचे बघू" म्हणतात आणि तुम्ही गप्प होता. आपल्या घरांत मुलीने वडिलांसमोर ध्येय "जाहीर" करणे हा प्रकार फारसा चालत नाही, आणि परक्या पद्धतीने त्यांच्यासमोर उभे राहून "हे माझे आयुष्य आहे" वगैरे बोलण्याने आजवर माझ्या पाहण्यात कोणाचे भले झालेले नाही. वडिलांना ठामपणा कळतो तो कामाच्या भाषेत. तुमचे आबा केळीचे बागाईतदार आहेत. कापणीच्या हंगामात भाव पडले की व्यापारी घडांत खोट काढतो आणि माल कमी भावात द्यावा लागतो, हे दुखणे ते तीस वर्षे सोसत आले आहेत. तुमचे वाक्य तिथून सुरू होऊ द्या: "आबा, मागच्या महिन्यात व्यापाऱ्याने जी बारीक केळी बाजूला काढली, त्यातली चाळीस किलो मी घेतली, तिचे एवढे पैसे झाले." आकडा खरा सांगा, तेल, गॅस आणि तुमची मजुरी वजा करून सांगा, आणि वहीत लिहिलेला दाखवा. त्यानंतरच "पुढच्या आखाजीपर्यंत" हे शब्द उच्चारा. लग्नाचा विषय निघेलच. तेव्हा तुमच्या उद्योगाची आणि लग्नाची झुंज लावू नका. "ज्या घरी जाईन तिथेही मी हे काम करणार आहे, तेवढे पाहुण्यांना आधी सांगा" हे एक वाक्य मात्र न चुकता बोला. ते बोलताना आवाज कापला तरी चालेल. वडील आवाज ऐकत नाहीत, ती गोष्ट पुन्हा निघते का ते पाहतात. पहिल्या खेपेला "बघू" असे उत्तर येईल. खानदेशातल्या वडिलांचे "बघू" म्हणजे नकार नसतो, हे मला वेगळे सांगायला नको.

बँकेतले बोलणे त्या मानाने सोपे आहे, कारण तिथे भावना कमी आणि रकाने जास्त असतात. शाखाधिकाऱ्यासमोर ध्येय सांगायचे म्हणजे आकडे योग्य क्रमाने सांगायचे. समजा, काप करण्याचे यंत्र, तळण्याची मोठी कढई व भट्टी, पॅकिंगचे यंत्र आणि शेडची दुरुस्ती मिळून तुमचा प्रकल्प ६ लाख रुपयांचा आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये जी योजना सुरू केली, तिच्यात पात्र खर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे, आणि लाभार्थीचा स्वतःचा वाटा किमान १० टक्के असावा लागतो. 'एक जिल्हा एक उत्पादन' या तिच्या यादीत जळगाव जिल्ह्यासाठी केळीच आहे. म्हणजे ६ लाखांवर अनुदान २ लाख १० हजार होते आणि तुमचा वाटा ६० हजार. हे अनुदान कर्जाशी जोडलेले असते, हातात रोख मिळत नाही, हे ध्यानात ठेवूनच बोला. अनेक मुले बँकेत जाऊन पहिले वाक्य बोलतात ते "साहेब, ती अनुदानाची योजना आहे ना" असे, आणि तिथेच साहेबांचा चेहरा बदलतो. त्यांना अनुदानाचे आकर्षण असलेला माणूस नको असतो, हप्ता भरणारा हवा असतो. तुमचे पहिले वाक्य दोन दुकानांचे आणि आठवड्याच्या दहा किलोंचे असावे, दुसरे तुमच्या ६० हजारांचे, तिसरे हप्ता कोणत्या विक्रीतून जाईल त्याचे. अनुदानाचा उल्लेख चौथा. परत आलेल्या डब्याची गोष्टही सांगा. तो डबा लपवाल तर तो केव्हातरी प्रश्न होऊन समोर येईल. आपण होऊन सांगाल, आणि पॅकिंगच्या यंत्राचे कोटेशन त्याच डब्याच्या शेजारी ठेवाल, तर तोच तुमचा सर्वांत मजबूत मुद्दा ठरेल.

मुलाखतीच्या खोलीतल्या ध्येयाविषयी तुमच्यापुरते फार लिहीत नाही, कारण तुम्ही ती वाट सोडली आहे. पण हे उत्तर वाचणाऱ्यांत त्या वाटेवरचे बरेच जण असतील. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२५ गुणांपैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीचे असतात आणि "तुम्हाला प्रशासनातच का यायचे आहे?" या प्रश्नाने कित्येकांचा तोल तिथे जातो. माझा १९९९ साली गेला होता. परीक्षा कोणती ते महत्त्वाचे नाही. मी मोठ्या ऐटीत "समाजाची सेवा करण्यासाठी" असे उत्तर दिले. मंडळातल्या एका वयस्कर बाईंनी अगदी मायेने विचारले, "आजवर कोणती केलीत?" मी गावच्या गणेश मंडळाचे नाव घेतले, मग रक्तदान शिबिराचे घेतले, आणि मग पंख्याचा आवाज ऐकत बसलो. त्या दिवशी माझा आवाज जराही बसला नव्हता, उलट फार खणखणीत होता. पोकळ वाक्य खणखणीत आवाजात बोलता येते आणि ते तसे बोलले की जास्तच पोकळ वाटते, हे मी तिथे शिकलो.

यावरून शंकेविषयी. "आणि नाही जमले तर?" हा प्रश्न तुम्हाला आबा विचारतील, बँक विचारेल आणि लग्नाच्या बैठकीत तर नक्कीच कोणी तरी विचारेल. ठाम माणूस म्हणजे ज्याला शंका नाही असा माणूस, ही समजूत मनातून काढून टाका. ज्याला आपली शंका नेमक्या शब्दांत सांगता येते त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात. गोलविट्झर यांनीच १९९० च्या दशकात मांडलेली 'जर-तर' योजना इथे उपयोगी पडते: अमुक वेळी अमुक अडचण आली, तर मी तमुक करीन, असे आधीच ठरवून ठेवायचे. नुसत्या इराद्यापेक्षा असा इरादा जास्त वेळा तडीस जातो, हे पुढच्या अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. तुमच्यासाठी: "जर दिवाळीपर्यंत आठवड्याची विक्री पंचवीस किलोंच्या पुढे गेली नाही, तर मी कर्ज घेणार नाही, आहे त्या कढईवर आणखी एक हंगाम काढीन." हे वाक्य ऐकून कोणालाही तुमचा निश्चय कच्चा वाटणार नाही. मात्र "जमले तर करीन" आणि "जमले नाही तर हे करीन" यांतला फरक नीट समजून घ्या. पहिल्यात पळवाट आहे, दुसऱ्यात वाट आहे. "प्रयत्न करीन", "देवाची इच्छा", "घरच्यांचे असे म्हणणे आहे" हे शब्दही काही काळ बाजूला ठेवा. देवावर आणि घरच्यांवर श्रद्धा असावी, पण आपल्या वाक्याचा कर्ता म्हणून त्यांना उभे करू नये.

आता आवाज. तो बसतो, कारण आपण पहिल्याच वाक्यात सगळे सांगायला जातो आणि श्वास अर्ध्यावर संपतो. म्हणून पहिले वाक्य सहा-सात शब्दांचे ठेवा: "मी केळीचे वेफर्स करून विकते आहे." इथे थांबा. थांबल्यावर जी शांतता पसरते तिची भीती वाटते, पण समोरचा माणूस तेवढ्या वेळात तुमच्याकडे वळून बसत असतो. लांब वाक्य त्यानंतर. उच्चारांविषयी तुम्ही पत्राच्या शेवटी, जणू सहज, लिहिले आहे की पुण्यात असताना "केळी"ला "केयी" म्हटल्यावर खोलीतल्या मुली हसल्या आणि तेव्हापासून तुम्ही चारचौघांत कमी बोलता. मला वाटते तुमच्या पत्रातली सर्वांत खरी ओळ हीच असावी. बावीस वर्षांत अहिराणी वळणामुळे मुलाखतीत कोणी मागे पडल्याचे मी पाहिलेले नाही. ते वळण लपवण्याच्या धडपडीत विचारांचा धागा तुटलेले मात्र पुष्कळ पाहिले आहेत. प्रमाण बोली सवयीने येईल तेवढी येऊ द्या. चोपड्याचा दुकानदार आणि सावद्याचा केळी व्यापारी, दोघांनाही "केयी" म्हणजे काय ते तुमच्याइतकेच कळते, आणि तुमचा पहिला बाजार तोच आहे.

म्हणून सरावाची सुरुवात आबांपासून किंवा बँकेपासून करू नका. तुमच्या पत्रात आजीचा उल्लेख दोनदा आला आहे, आणि कच्ची केळी मिठाच्या पाण्यात घालण्याची युक्ती तिनेच सांगितल्याचेही तुम्ही लिहिले आहे. एखाद्या संध्याकाळी तिच्याजवळ बसून हे सगळे वाक्य अहिराणीत सांगा, एकही पुस्तकी शब्द न वापरता. ते सांगता सांगता जिथे अडाल तिथे तुमचा विचार अजून कच्चा आहे असे समजा, कारण आजीच्या भाषेत पोकळ बोलणे फार कठीण असते. आणि सांगून झाल्यावर तिने जर "छान शे, कर बरं माय" म्हणून विषय संपवला, तर वाक्यात अजून काम बाकी आहे. तिने विचारायला हवे, "मंग तेल कितलं लागस? आन इकशी कोठे?"